नंदुरबारात ऐकलेली ब्राझीलची बाई

नंदुरबारला येताना माझा आवाज वाटेतच कुठल्या तरी स्टेशनावर राहिला असावा, असं मला वाटायचं. गोव्यात मी गात असे; पाणी शेंदताना, केस विंचरताना, उगीचच. तिसरीतून शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि रेल्वेतल्या नवऱ्यामागून मी या पांढऱ्या उन्हाच्या गावात आले. माझं बोलणं ऐकून नळावरच्या बायका हसत. म्हणून बोलणं आटलं, आणि गाणं तर पारच बंद झालं. गळ्यातून पुन्हा सूर निघेल की नाही, ही धास्ती भाकरी थापतानाही माझ्या मागे उभी असे.

शेजारी आमच्याच मुलखातली, गार्डाची बायको राहायची. मी तिला बाय म्हणे. तिने हाक मारली नसती तर त्या वर्षी माझं काय झालं असतं, याची आजही भीती वाटते. तिचा भाऊ जहाजावर खानसामा. युद्धाआधी तो ब्राझीलहून एकाच बाईच्या गाण्यांच्या तबकड्या आणायचा. तिथली भाषा आमच्या शाळेतलीच, पोर्तुगीज. मला ती अर्धी कळे. उरलेली मी डोळे मिटून पुरी करी.

दुपारी बाय त्या बाईची कहाणी सांगे. परटिणीची मुलगी. इस्त्रीचे कपडे पोचवताना ट्राममध्ये गायची. कुणीतरी तिला रेडिओवर नेलं, आणि तिच्यासाठी शहरभर खिडक्या उघड्या राहू लागल्या. ट्राम मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ती प्रकाशा गावच्या घाटाशी तापीत उतरे आणि कपड्यांची गाठोडी घेऊन कोरडीच पलीकडे निघे.

"मग लग्न केलं, आणि नवऱ्याने गाणं बंद करवलं," बाय म्हणाली. "वर्षानुवर्षं गप्प. तो मेल्यावर परत उभी राहिली. ती ही तबकडी."

"आवाज होता?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू, चेडवा? सुया संपल्यात."

युद्धामुळे ग्रामोफोनच्या सुया कुठेच मिळेनात. मी रोज त्या तबकडीकडे बघत बसे, जणू निकाल माझाच लागायचा होता.

कोरीटहून दूध घालायला येणारी बाई हसली. "इतलंच ना वं माय? बाभूयना काटा लावा ना!"

दुसऱ्या दिवशी ती पदरात बाभळीचे काटे बांधूनच आली. बायने एकाचं बूड छाटून तो सुईच्या जागी बसवला. आवाज बारीक आला, नदीपलीकडून यावा तसा. आधीच्या तबकड्यांतला नव्हताच तो. खाली उतरलेला, कडेला जरा फाटलेला, पण घाई नसलेला.

"हाई बाई रडी ऱ्हायनी का गाई ऱ्हायनी?" दूधवालीने विचारलं.

"गातेय," मी म्हणाले. माझे डोळे भरले होते.

कडव्याच्या मध्येच चावी उतरली. आवाज जड झाला, लांबला, थांबला. चाल मात्र चालूच होती. कोण म्हणतंय ते मला क्षणभर कळेना. शब्द कोकणी होते, माझेच. बायचा हात चावीकडे गेला तसा दूधवालीने तो धरला.

"ऱ्हाऊ दे. तिले गाऊ दे."

दुसऱ्या ओळीत मी चिरकले. हसतील म्हणून गप्प झाले. कुणी हसलं नाही.

"मंग?" रिकामी चरवी मांडीवर घेत दूधवाली म्हणाली. "पुढे?"

मी घसा खाकरला, आणि ती ओळ पुन्हा धरली.