पंधरा हात पाणी

माझी आत्या नदीचं पाणी मोजायची. नोकरीच ती. सकाळ-संध्याकाळ पुलाखालच्या खांबावरचा आकडा बघायचा, नोंदवहीत लिहायचा, सही ठोकायची. पुराच्या दिवशी मात्र ‘प्रत्यक्ष पाहिले’ या रकान्यात आणखी एका माणसाची सही लागायची. तीस वर्षांत तिची एकच नोंद चुकली म्हणे, आणि त्या नोंदीत आकडाच नव्हता.

ती नोंद झाली त्या वर्षीच्या पुरात खांबच बुडाला. आत्या तीन दिवस कचेरीच्या छपरावर, एकटी, वही पोटाशी धरून. पाणी इतकं शांत होतं, म्हणायची, की आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. एक खुर्ची तरंगत गेली. तिच्यावर मांजर बसलेलं, आरामात, फिरायला निघाल्यासारखं. आत्याला वाटलं आपण झोपेत आहोत, आणि जागं झालो तरी पाणीच असणार. तिनं लिहिलं, ‘सगळीकडे पाणी.’ वरच्या कचेरीनं तांबड्या शाईनं ते खोडून ‘स्थानिक पूर’ केलं आणि वही परत पाठवली : सगळीकडे म्हणजे नेमके कुठे, खुलासा करावा. घ्या!

आत्यानं खुलासाही दिला नाही आणि वहीही. तिचं मन मोडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. टेकडीवर, दीड तासाच्या वाटेवर, तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, कोरड्या घरात होते. ते आले नाहीत. अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद. मी तेवढी दर रविवारी आत्याकडे जायचे, तिच्याबरोबर चर्चमधल्या अभ्यासवर्गाला बसायचे.

एकदा तिथं बायबलमधला नोहाचा जलप्रलय निघाला, तो एकटाच घरच्यांना घेऊन तारवात तरला ती गोष्ट. पाळकसाहेब म्हणाले, सगळी पृथ्वी बुडाली, तसं स्पष्ट लिहिलंय. शाळेचे मास्तर म्हणाले, छे हो, एखादं खोरं बुडालं असेल, लिहिणाऱ्याला तेवढंच जग दिसत होतं. दोघं अगदी हमरीतुमरीवर आले.

“डोंगरांवर पंधरा हात पाणी, असं लिहिलंय ना?” आत्या म्हणाली. “मोजलं म्हणजे कुणीतरी.” मग ती पाळकसाहेबांकडे वळली. “सगळी पृथ्वीच बुडालेली असू दे, पाळकसाहेब. म्हणजे यायला कुणी उरलंच नव्हतं. नुसतं खोरं बुडालं असेल, तर बाकीचे कोरड्यात बसून राहिले.”

मला रडूच आलं. घरी जाऊन मी बाबांवर अशी भडकले की विचारू नका. “का गेला नाहीत तुम्ही?”

“गेलो होतो गं,” बाबा म्हणाले. “उतारावर उभा राहिलो. जिकडे बघावं तिकडे पाणी, एक कौल दिसेना. वाटलं, संपलं सगळं, ताई गेली. परत फिरलो. मग ती जिवंत आहे कळल्यावर कुठल्या तोंडानं जायचं?”

पुढच्या रविवारी मी त्यांना ओढतच खाली नेलं. आत्यानं दारातच सगळं ऐकून घेतलं.

“किती पाणी दिसलं तुला?”

“सगळीकडे, ताई.”

ती आत गेली, जुनी वही घेऊन आली, पान उघडलं. तांबड्या शाईशेजारचा ‘प्रत्यक्ष पाहिले’चा रकाना अजून कोराच होता.

“कर सही, गाढवा.”

बाबांनी सही केली आणि खाली आजची तारीख घालायला लागले.

“आजची कशाला?” आत्या म्हणाली. “त्या दिवशीची घाल. आला होतास ना तू.”