टॉवेलाखाली ठरलेला भाव

"जेवलात का नाय, पोरांनो?"

पिठाने माखलेला हात वर धरून एकट्या करंगळीने मोबाइलचं बटण दाबायचं आणि पहिलं वाक्य हे बोलायचं. नमस्कार नाही, आज काय दाखवणार ते नाही. इरा, नील, हे वाचतानाच तुम्हाला तो आवाज ऐकू आला असेल. तुम्ही तिला पडद्यावर पाहिलंत. मी तिला वीसेक वर्षं कुंपणापलीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही पडदाच सोयीचा झाला असता. पडदा बंद करता येतो.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यात गूढ काही नाही. ते नाव आता तिचं राहिलेलं नाही, धंद्याबरोबर विकलं गेलं. पापडाच्या पुडीवर ते छापलेलं असतं आणि मुंबईच्या एका कंपनीचा त्यावर हक्क आहे.

तिचं माहेर डोळखांबच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यात. बाप गुरांचा व्यापारी होता. म्हशाच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात त्याच्या शब्दाला मान होता, असं ती सांगायची. लग्न होऊन शहापुरात आली, पण आवाज पाड्यातलाच राहिला. शेजारच्या घरात बोलायचं तरी समोरच्या टेकडीवर हाक मारल्यासारखी बोले. तुम्हाला माझं घर माहीत आहे. बरण्यांना चिठ्ठ्या, दोरीवर कपडे लहान-मोठे लावून. तिच्या अंगणात पापडांच्या चादरीवर कुणाचा तरी सदरा आणि कपड्यांच्या दोरीला टांगलेली कुरडयांची चाळण. "बाई, तुमचं घर बघितलं की मला शाला आठवते," ती म्हणायची. ही स्तुती आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

धंदा सुरू झाला तो एका कावळ्यामुळे. नाचणीचे पापड वाळत घालताना ती कावळ्याला शिव्या देत होती. तिच्या मुलीने ते मोबाइलवर टिपलं आणि सहज नेटवर टाकलं. लोकांना आधी कावळा आवडला, मग ती आवडली, मग पापड. बघता बघता माहेरच्या पाड्यातल्या बायका तिच्याकडे लाटायला यायला लागल्या आणि आमच्या गल्लीत रोज कुरिअरची गाडी उभी राहायला लागली. माझं गेट अडायचं. मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा तिने मलाच व्हिडिओत घेतलं: "ह्या आमच्या बाई. इंग्लिशमदी रागावतात." तो व्हिडिओ तुम्ही किती वेळा पाहिलात, ते मला विचारायचं नाही.

मी तुम्हाला दर वर्षी तिकडे परदेशात लिंबाचं गोड लोणचं पाठवते. बरणी सांडू नये म्हणून किती वेष्टनं घालते, तुमच्या बाबांना विचारा. तुम्ही म्हणता, "थँक यू, आजी." मग एका रविवारी नील म्हणाला, "ती पापडवाली आजी खरंच तुझ्या शेजारी राहते? तिला बोलव ना."

बोलावली. ती पिठाच्या हातांनी आली, माझ्या मोबाइलला नाक लावलं आणि विचारलं, "जेवलात का नाय?" आणि नील, जो मला 'येस' आणि 'नो' यापलीकडे उत्तर देत नाही, त्याने चक्क मराठीत सांगायला सुरुवात केली. काय खाल्लं, काय टाकलं, कुत्र्याला काय दिलं. मी माझ्याच घरात, माझ्याच मोबाइलच्या शेजारी, खुर्चीच्या टोकावर बसून होते. जाताना ती म्हणाली, "गोड हाय पोरगा तुमचा." मला माहीत होतं. तिने सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात तिच्या धंद्याची किंमत केली. दोन पराती, एक मोबाइल आणि बडबड. बडबडीला बाजारात भाव नसतो.

त्यानंतरच्या चैत्रात ती एका दुपारी आली. मी पेपर वाचत होते. "बाई, माझा धंदा इकत घ्यायला मानूस येतोय. इंग्लिश कागुद आननार. तुमी माझ्याजवल बसा."

"विकतेस कशाला?"

तिच्या मुलीला नाशिकला मुलगी झाली होती. मुलीची नोकरी, जावयाची नोकरी, बाळाला कोण बघणार? आईने कायमचंच यावं असा तिचा हट्ट होता. "माझ्याबिगर झोपत नाय गो ती," असं सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला की मी पेपरची घडी घातली. जगभरची नातवंडं एका मोबाइलवर गोळा केलेल्या बाईला आता मांडीवरही एक मिळणार होतं.

"मग बंद करून टाक," मी म्हटलं.

"बंद कशी करू? माझ्या लाटनाऱ्या बायका परत वीटभट्टीवर जातील. इकला तर धंदा हितंच ऱ्हाईल, त्या ऱ्हातील."

एवढंच होतं पाहा: धंदा विकला गेला तर ती नाशिकला जाऊ शकणार होती, नाहीतर नात तिकडे आणि ती इकडे. माझ्यासारखी. माझ्या मनात कुठेतरी वाटत होतं, राहू दे की तीही माझ्यासारखी. आणि दुसऱ्या बाजूला वाटत होतं, जाऊ दे लवकर, म्हणजे रविवार माझा मला मिळेल. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

कंपनीचा तरुण आला. दारात बूट काढले, लॅपटॉप उघडला, चहा घेतला. मुलगा सभ्य होता. त्याने समजावून सांगितलं: वर्षाकाठी हाती काय उरतं ते बघायचं आणि त्याच्या काही पट किंमत धरायची.

"पट कशी ठरवता?" तिने विचारलं. "दात बघून?"

तो हसला. "एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं का, ते बघून."

पडद्यावरचे आकडे सरकवता सरकवता तो थांबला. "ताई, गेल्या पंधरवड्यात ऑर्डरी एकदम वाढल्यात. पण बहुतेक सगळ्या डोळखांबच्या बाजूच्या. तिथे नाचणीचे पापड विकत घेतात?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळखांबला पापड विकत घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तिथे घरोघरी नाचणी.

ती जराही वरमली नाही. "माझ्या भावांनी, मावश्यांनी घेतले. मीच सांगितलं."

"का?"

"का म्हंजे? बाजारात बैल न्यायचा तर शिंगं रंगवत नाय काय कोन? आमचा बाप तर आदल्या रातीला घुंगरू पन बांधायचा."

फसवणूक म्हणावी, तर करणारी बाई घुंगरांपर्यंत सगळं सांगून मोकळी झालेली. मला फार बरं वाटलं. वाटलं, झालं, फिसकटलं. पण त्याने ते दोन आठवडे शांतपणे वगळले आणि म्हणाला, "बाकीचं सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. पण यातलं बरंचसं गुडविल आहे."

ती माझ्याकडे वळली. "काय बोलला?"

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं. या एका शब्दाला मराठी शब्द सांगायला मी मुद्दाम वेळ लावला. शेवटी म्हटलं, "लोकांचा तुझ्यावर लोभ आहे, असं म्हणतोय."

"हां. त्यो हाय," ती म्हणाली.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "तुम्ही नसाल, तर यातलं किती उरेल?"

ते बघायचं ठरलं. तिने दोन आठवडे व्हिडिओ करायचे नाहीत, कंपनीतली एक मुलगी करेल. पापड तेच, बायका त्याच, फक्त ती नाही. कुंपणापलीकडे शांतता पसरली. मी दुपारी झोपू लागले. आणि रविवारी इराने पहिला प्रश्न विचारला: "आजी, ती आजारी आहे का? जाऊन बघ ना." त्याच आठवड्यात माझी दाढ काढली होती, इरा. माझा गाल केवढा सुजला होता, ते तुला पडद्यावर दिसत होतं.

ऑर्डरी घसरल्या. नुसत्या घसरल्या नाहीत, लोकांनी विचारणा केली. कुठे गेल्या? बऱ्या आहेत ना? कावळा कसा आहे? तो तरुण परत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तिच्याशिवाय धंद्याची किंमत बरीच कमी होत होती.

मला वाटलं, आता ही रडेल. ती पदरात तोंड घालून हसत होती. "म्हंजे मी नसले तर कमी पडतं?"

"हो ना, ताई. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"बाई, ऐकलंत? मी नसले तर कमी पडतं!"

ऐकलं. आपण नसलो तर काय कमी पडेल, हे जिवंतपणी पाहायला मिळालेली ती मला भेटलेली एकच बाई. इतका हेवा मला तिच्या पापडांचाही वाटला नव्हता.

पुढच्या भेटीत करार आला. मी एकेक कलम वाचून सांगितलं. तिचं नाव कंपनीचं. ठीक. पान, फोटो, पाककृती कंपनीच्या. ठीक. लाटण्याचं काम त्याच बायकांकडे राहील, हे तिने त्या तरुणाकडून आधीच लिहून घेतलं होतं. मग एक कलम आलं: सुरुवातीचं वाक्यही कंपनीचं. तिने ते यापुढे कुठेही, कोणत्याही व्हिडिओत म्हणायचं नाही.

"कंचं वाक्य?"

"जेवलात का," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. "ते नाय."

"ताई, लोक त्या वाक्यालाच ओळखतात. ते गेलं तर भाव अजून उतरेल."

"उतरू दे. ते दावं हाय. दावं आमी देत नाय."

तुम्हाला सांगायला हवं. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी. इकडे गाय-बैल विकला की जनावर जातं, पण दावं विकणारा सोडून घेतो आणि घरी नेतो. घेणाऱ्याने आपली दोरी आणायची. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली, असं मानतात. मी हे त्या तरुणाला इंग्रजीत समजावून सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मी मुळात तिच्या बाजूने बसलेच नव्हते.

त्याने मुंबईला फोन लावला, बाहेर अंगणात फेऱ्या मारल्या, परत आला. "मग किंमत नव्याने ठरवावी लागेल."

"ठरवू की," ती म्हणाली आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्याला तिने दोन वाक्यांत शिकवलं. एवढा शिकलेला मुलगा, कान लाल करून, पापडवाल्या बाईचा हात टॉवेलाखाली धरून बसला होता. टॉवेल हलत होता. एकदा त्याने मान नकारार्थी हलवली. एकदा ती म्हणाली, "काय रं, बोटं मोडशील." मग दोघंही हसले आणि टॉवेल निघाला.

करारात आकड्याची जागा कोरी होती. ती त्याने लॅपटॉपवर भरली, कागद नंतर सही होऊन आला आणि तिने थेट कपाटात ठेवला. व्यवहार माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि भाव मला आजतागायत माहीत नाही. मी एकदा आडून विचारलं. "बघनाऱ्याला सांगत नसतात, बाई," ती म्हणाली.

ती गेली त्या सकाळी कुंपणापाशी आली. हात चक्क धुतलेले होते. पिठाशिवाय ते हात मला कुणा दुसरीचेच वाटले.

"येते, बाई. पोरांना इचारत जा."

"काय विचारू?"

"ह्येच. जेवलीत का."

"मी त्यांना अभ्यासाचं विचारते."

"अभ्यासाचं शालेत इचारतात, बाई," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत तिची रिक्षावाल्याशी चाललेली बडबड ऐकू येत होती.

बायका अजून लाटायला येतात, गाडी अजून माझं गेट अडवते. व्हिडिओत एक छान साडीतली मुलगी "नमस्कार मंडळी" म्हणते. कावळा कुंपणावर येऊन बसतो आणि वाट बघतो. मी त्याला हाकलत नाही. तशा शिव्या मला येत नाहीत.

गेल्या रविवारी तुमचा फोन आला. माझे प्रश्न नेहमीप्रमाणे तयार होते: शाळा, पियानो, वाचन. तोंडातून निघालं ते, "जेवलात का नाय, पोरांनो?"

इरा, तू मान वर केलीस आणि ओरडलीस, "आजी! अगदी तिच्यासारखं!"

अगदी तिच्यासारखं. मला राग आला. तो फोन ठेवल्यावरही गेला नाही, आज हे लिहितानाही आहे. पण नील सांगायला लागला होता. भात खाल्ला, वाटाणे नाही खाल्ले, ते कुठे टाकले, आईला कसं कळलं नाही. मराठीत, न थांबता. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

या रविवारीही मी तेच विचारणार आहे. आणि नील, खोटं सांगू नकोस. वाटाणे कुठे लपवतोस, ते आता मला माहीत आहे.