गडग्यातली खिंड

आमच्या आचऱ्याच्या काजूबागेला दगडी कुंपणाचा गडगा आहे आणि त्यात माणूस शिरेल एवढी खिंड. ती सासऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली. आपली वेचणी आटोपली की मागे राहिलेल्या बिया ज्याला गरज त्याच्या, ही घरची रीत. हल्ली पलीकडच्या खोपीतली नेपाळी बाई येते. नवरा होडीवर खलाशी, मिळकत आज आहे तर उद्या नाही. ह्या बियांवर तिच्या पोरांची शाळा चालते.

धाकटा दीर आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रवाचन करतो. आवाज काय खणखणीत! त्या रविवारी त्यानं वाचलं की शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! आणि सोमवारी बघते तर खिंडीत काटेरी फांद्या कोंबलेल्या, बाहेर ती बाई रिकामी पिशवी घेऊन उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिराला हाक मारून तिथंच आणलं.

"ह्यां तुझां काम?"

"वयनी, आता बियांका भाव आसा. तां शास्त्र जुन्या काळचां, गव्हाच्या शेताचां. हय काजू आसत."

"म्हणजे देवान काजू वगळल्यान? बायबलातली ती परमुलखातली विधवा सून आठव रे. दुसऱ्याच्या शेतात कणसां वेचूक गेली, आणि तिच्याच वंशात आपलो येशू जन्माक इलो. त्या शेतकऱ्यान अशे काटे घातले असते तर तुझो नाताळ खंयसून इलो असतो?"

तरी तो फांदी हलवेना. मग मीच कोयता घेतला. हात ओरबाडले, खिंड मोकळी झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा काटे! बरं तर. मी गडग्याचे थोरले दगडच उतरवायला घेतले.

"दीदी, राहू दे, भांडण नको," बाई घाबरून म्हणाली.

"भांडण माझं आहे. तू दुसरं टोक धर."

दोघींनी मिळून खिंडीची चांगली रुंद वाट केली.

दीर अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. काटे एकटा माणूस आणू शकतो, पण ते दगड चढवायला दोघं लागतात, आणि सासरे गेले, नवरा परगावी नोकरीला, घरात दुसरी मीच आहे. रविवारी तो वाचायला उभा राहिला की मी पहिल्या बाकावर बसते आणि शेवटच्या शब्दापर्यंत त्याच्याकडे बघत राहते.