गबरूच्या कण्या आणि माझी बिनविरोध निवड

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी संचालक आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी कप खाली ठेवा, कारण हे पद मला कशामुळे मिळालं ते ऐकून चहा नाकातून आला तर मला बोल लावाल. गाईच्या कासेला मी आजवर हात लावलेला नाही. दुधातलं मला एवढंच कळतं की ते उतू जातं. आणि तरी मी संचालक! तेही बिनविरोध!

तर बातमी आली तेव्हा मी भोपळा चिरत होतो.

दिवस अगदी साधा. फाल्गुनातली दुपार, टँकर येऊन गेलेला, दोन टिपाडं भरून झालेली, आणि मी वाचनालय बंद करून घरी आलेलो. गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांशेजारी बसतो म्हणून गाव मला 'सर' म्हणतं. मी कुणाला कधी काही शिकवलेलं नाही.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून आवाज आला, "ऐका हो! दूध संस्थेची निवडनूक लागली हाय! उद्यापासून फारम भरायचे हायेत!"

मी ऐकलं आणि भोपळा चिरत राहिलो. त्या दुष्काळात आमच्या संस्थेत दूध किती यायचं? संचालकांचा चहा झाला की कॅन रिकामा! अशा निवडणुकीशी माझा काय संबंध? माझी बायको सुमन तिथली सभासद होती. ती श्रावणात गेली, आणि तिच्या जागी माझं नाव लागलं. तेवढंच.

मला काळजी होती गबरूची.

गबरू आमचा कुत्रा. म्हणजे सुमनचा. नाव गबरू आणि अंगावर नुसत्या बरगड्या. सुमनच्या मागे काही महिने तो बरा राहिला. गोठ्यात गाय होती, शेजारच्या गयाबाई रोज धार काढायला यायच्या, तिथंच बसून न्याहारी करायच्या, तो त्यांच्यापुढे बसून असायचा. मग चारा संपला. गाय पाली गावच्या चारा छावणीत सोडून आलो आणि गयाबाईंचं येणं थांबलं. त्या दिवसापासून हा रिकाम्या दावणीपाशी जाऊन पडला. भाकरी घातली, तोंड फिरवलं. दूध घातलं, मांजर येऊन पिऊन गेली आणि हा बघत राहिला. पाचव्या दिवशी उठताना त्याचे मागचे पाय लटपटले. मग मात्र मी घाबरलो.

छावणीत जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांना गाठलं. ते येऊन बघून गेले. म्हणाले, "सर, आजार काही दिसत नाही. पचायला हलकं, पण वासाचं काहीतरी द्या. शेळीचं बिनहाडाचं मटण, ज्वारीच्या कण्या, भोपळा. मंद आचेवर तीन तास. मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही, तेल नाही."

मी सगळं कागदावर लिहून घेतलं. वर ठळक अक्षरात मथळा दिला, 'कुत्र्यासाठी'. खाली रेघ मारली. नोंदी करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

चूक पुढे झाली. कागदावर होतं, कण्या दोन मुठी. मला वाटलं, दोन मुठींनी काय होतंय? मी दोन तांबे टाकल्या.

तुम्ही कधी ज्वारीच्या कण्या शिजवल्यात का? त्या शिजत नाहीत हो, त्या वाढतात! अर्ध्या तासात पातेल्याच्या काठाशी आल्या. मी त्यातून मोठ्या पातेल्यात ओतल्या, पाणी घातलं. त्या तिथंही वर आल्या. घरातलं सगळ्यात मोठं भांडं काढलं. तेही भरलं! आता उरली होती फक्त पाण्याची टिपाडं.

मटण घराबाहेर शिजवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून चूल अंगणात मांडलेली. मंद आचेला गोवरीसारखं जळण नाही. सुमनने थापलेल्या गोवऱ्या गोठ्याच्या कडेला अजून रचलेल्या होत्या. पाच काढल्या. मग एक परत ठेवली.

शेवटी गयाबाईंच्या दारात गेलो.

"वहिनी, तुमचं मोठं पातेलं द्याल का?"

"कोन्तं? लग्नातलं?"

"हो. तेच."

"या बया! अन् कावून हो भाऊ? कोन येनार हाय?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार होतो मी? निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं गाव हंडा हंडा पाणी जपून वापरतंय, आणि मी टँकरच्या पाण्यात कुत्र्यासाठी मटण रटरटवतोय? हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणालो, "चार माणसं येतील म्हटलं."

बस्स. एवढं एकच वाक्य.

गयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"असं हाय व्हय! आन् आमाला पत्ता न्हाई!" म्हणाल्या, आणि पातेलं देऊन तरातरा गावाकडे निघाल्या.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर तुम्हाला हे समजावून सांगावं लागेल. निवडणूक लागल्याचा पुकारा झाला, की त्या दिवशी ज्याच्या अंगणात मोठं पातेलं चढतं, तो उमेदवार. फॉर्म नंतर भरतात. आधी मटण! हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते माझ्या अंगणालाही लागू आहे, हे डोक्यात आलं नाही.

तासाभराने एक मोटारसायकल घरासमोरून हळू गेली. थोड्या वेळाने आणखी हळू परत आली. तिसऱ्यांदा थांबली. संस्थेचे चेअरमन अंकुशराव उतरले. मागून दुसऱ्या दोन गाड्यांवर त्यांची चार माणसं.

"राम राम सर. सहज आलतो."

पाच माणसं सहज येत नसतात. मी म्हणालो, "या, बसा."

"आमी समजत हुतो, सर पुस्तकातून मान वर काढीत न्हाईत. अन् सर तर चूल पेटवून मोकळे!"

"अंकुशराव, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही."

"तसं कायी न्हाई, असंच म्हनायचं असतंय!" त्यांनी झाकण उचलून वास घेतला. "किती येळ झाला?"

"दोन तास. अजून एक तास लागेल."

अंकुशरावांनी आपल्या माणसांकडे वळून बघितलं. "बघा रे. तीन तास मंद आचंवर! मानूस लई खोल हाय."

तेवढ्यात विरोधी पॅनलचे विठ्ठलनाना आले. त्यांच्याबरोबर पाच जण. दोघांची नजरानजर झाली.

"कावून बे अंकुश, तू हितं?"

"सरांनी जेवायला बोलवलंय. तू?"

"मलाबी सरांनीच बोलवलंय!"

मी दोघांनाही बोलावलेलं नव्हतं. पण घरी आलेल्या माणसांना, 'हे कुत्र्याचं आहे, तुम्ही निघा,' असं कसं म्हणायचं? मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याला गावात फार मान आहे. त्या दिवशी तर तो फारच वाढला.

दिवेलागणीला पंगत बसली. गयाबाई घरून भाकऱ्या घेऊन आल्या आणि वाढायला उभ्या राहिल्या. चेअरमनची माणसं एका बाजूला, नानांची समोर. पहिला घास तोंडात गेला.

आणि सगळ्यांचे जबडे जागच्या जागी थांबले!

बिनमिठाचं, बिनतिखटाचं, बिनतेलाचं मटण खाल्लेल्या अकरा माणसांचे चेहरे मी एका वेळी बघितले आहेत. पण गंमत अशी, की बोलणार कोण? जो आधी नावं ठेवील, तो यजमानाला दुसऱ्या पॅनलकडे घालवून बसणार!

अंकुशरावांनी घास गिळला. "लई... लई मऊ हाय."

नाना कसे मागे राहतील? "मऊ? आरं इरघळतंय तोंडात!"

"असं मटन मी जन्मात खाल्लं न्हाई."

हे मात्र अंकुशराव खरं बोलले.

नानांनी हळूच विचारलं, "सर, ते मिठाचं काय...?"

"डॉक्टरांनी बंद सांगितलंय."

"अन् तिखट?"

"तेही."

"तेल?"

"तेही."

"अरारारा! जपा सर सोताला. कोन डाक्टर म्हनायचा? मलाबी बीपी हाय, दाखवून येतो."

मी 'छावणीतले' म्हणता म्हणता जीभ आवरली.

"तुमी उभे कावून सर?" अंकुशराव म्हणाले. "बसा की. यजमान जेवंना म्हनल्यावर शंका येती. काय टाकलंय-बिकलंय तर न्हाई ना?"

सगळे हसले. मला बसावं लागलं. गयाबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. सुमन गेल्यापासून घरात ताट मांडून मी बसलो नव्हतो. एरवी चहा-बिस्किटं, किंवा उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा आणि वाचनालयाचा रस्ता.

मी पहिला घास घेतला, आणि दावणीपाशी गबरूचे कान उभे राहिले.

दुसरा घास घेतला, तर गबरू स्वतःच उभा राहिला. झोकांड्या खात अकरा माणसांच्या मागून चालत आला आणि माझ्यापासून दोन हातांवर बसला. हलला नाही. माझा हात तसाच हवेत थांबला.

"थांबू नका भाऊ, जेवा," गयाबाई मागून म्हणाल्या. "तुमचं होऊ द्या आदी. सुमनबाईनं लावलेली सवय हाय ती. मोरं बसून कुनी जेवल्याबिगर तोंड लावीत न्हाई त्यो. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. गबरू घरात येऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी सगळ्यांच्या आधी जेवून, हात धुऊन पेपर घेऊन ओट्यावर जात होतो. माझ्या मागे घरात कोण कुणापुढे बसून जेवतं, हे मी कधी वळून बघितलं नव्हतं.

मी ताट पुसून खाल्लं. बिनमिठाचं, शेवटच्या कणीपर्यंत. मग पातेल्याच्या बुडाशी उरलेलं एका थाळीत घेऊन खाली ठेवलं. गबरूने माझ्याकडे बघितलं, थाळीकडे बघितलं, आणि खायला लागला.

नेमके तेव्हा अंकुशराव मोठ्याने म्हणाले, "तर मग सर, फारमचं काय?"

गबरू दचकून थांबला.

"हळू बोला," मी म्हणालो.

अंकुशराव आणि नाना एकमेकांकडे बघायला लागले. सर हळू बोला म्हणतात, म्हणजे आतून काहीतरी ठरलेलं आहे! नाना कुजबुजले, "म्हंजे आमच्याकडून?"

माझे डोळे गबरूवर. त्याने पुन्हा तोंड घातलं. मी समाधानाने मान डोलावली.

अंकुशराव कुजबुजले, "अन् आमच्याकडूनबी, असं धरायचं?"

गबरू थाळी चाटत होता. मी पुन्हा मान डोलावली.

मग दोघं कोपऱ्यात जाऊन काहीतरी बोलले. एका जागेवरून दोन्ही पॅनलची तडजोड अडलेली होती, आणि तिथं दोघांनाही चालेल असा माणूस मिळत नव्हता. तो, म्हणजे मी, समोर कण्या खाऊन बसला होता. नानांनी खिशातून कागद काढला, अंकुशरावांनी पेन दिलं, दोघांनी मला जागा दाखवली आणि मी सही केली. काय वाचून? काही नाही! आयुष्य वाचण्यात गेलेल्या माणसाने तेवढा एक कागद वाचला नाही. त्या फॉर्मवर माझ्या अंगठ्याचा कण्यांचा डाग आहे, संस्थेत कधीही येऊन बघा.

गबरू आता व्यवस्थित जेवतो. अट एकच, आधी मी बसायचं. त्यामुळे दोन्ही वेळा ताट मांडावं लागतं. बरगड्या त्याच्याही दिसत नाहीत आणि माझ्याही.

अंकुशराव मात्र दर बैठकीत विचारतात, "सर, ती कृती द्या की लिहून. तसं मटन परत कुठं खाल्लं न्हाई. माझंबी मीठ बंद केलंय आता डाक्टरनं."

देतो म्हणतो. कागद तर तयारच आहे, वाचनालयाच्या खणात ठेवलाय. फक्त वरची ओळ खोडायची राहिली आहे.