खाली नाव कुणाचं?

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी शाळेच्या भिंतीसमोर थांबली. अक्कलकोट रस्त्याला, वळसंगच्या पुढं आमचं गाव, थांबा तिथंच. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'एका पंगतीत जेवू या, भेदभाव विसरू या.' त्याखाली, सुविचारापेक्षा मोठ्या अक्षरांत 'सौजन्य' आणि शाळा समितीच्या अध्यक्षांचं नाव. आईनं भाकरीचा डबा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "रंग लई चांगला हाय. उडंना की अजून."

त्याच शाळेत आई खिचडी शिजवायची. ते काम वर्षभर टिकलं. मग काही पोरं घरून डबे आणायला लागली. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं नको. अध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं, "अगं, माझं काय न्हाय. लोकं ऐकत न्हाईत." लोकं म्हणजे कोण? पहिला डबा त्यांच्याच नातवाचा होता!

आई घरी आली, चुलीपाशी बसली. म्हणाली, "मी खुरपल्याली ज्वारी चालती, मी शिजवल्याली खिचडी चालत न्हाय."

तेव्हा मी आठवीत. अक्षर बरं म्हणून फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी मी आईचं वाक्य लिहिलं. गुरुजींनी पुसलं. ओरडलेही नाहीत. "बाळ, सुविचार थोरामोठ्यांचा असतो," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मी विसरले असते.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीही गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहात. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर आयुष्य, प्रेम, न्याय. पाठवणारे कोण ते बघता ना? डबे घेऊन येणारेच की! आणि आपण खाली हात जोडलेले इमोजी टाकतो. मीही टाकलेत.

पुण्यात मी संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांसाठी मोहीम काढली, तेव्हा पत्रकावर वर ठळक लाल अक्षरांत आईचं वाक्य छापलं. खाली संघटनेचं नाव. मोठ्या तोऱ्यात फोटो पाठवला. आईला वाचता येत नाही. शेजारच्या काकूंनी वाचून दाखवला. लगेच फोन.

"वाक्य माझंच हाय की. खाली कुणाचं नाव हाय?"

मी संघटना, मोहीम, सगळं समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी सौजन्य," ती म्हणाली.

सभेत भल्याभल्यांना गप्प करते मी. आईला मात्र घाईघाईनं म्हटलं, "पुढच्या पत्रकावर तुझंच नाव घालते."

"नगं गं बाई! तू तितं हायस. मला उद्या त्या अध्यक्षांच्याच रानात खुरपायला जायाचं हाय."

गाव आठवतं का, असं इथं कुणी विचारलं की मी कडक भाकरी, शेंगाचटणी सांगते. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. खरं असं आहे की आमच्या गावात, न पाळलेल्या वाक्याखाली अध्यक्ष नाव रंगवून घेतात, आणि जगलेल्या वाक्याखाली माझ्या आईला नाव घालता येत नाही.

पत्रक पुन्हा छापलं. संघटनेचं नाव काढलं, वाक्याखालची जागा मोकळी ठेवली. हे लिहितानाही तिचं नाव घातलेलं नाही. माझं गाव सध्या तेवढंच, त्या मोकळ्या जागेएवढं.