पिशवीतली पाण्याची बाटली

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेची धुरा माझ्याकडे होती. मंडणगडकडच्या एका गावात बौद्धवाडीतल्या बायकांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्यांना एकत्र आणायला मी दर महिन्याला एसटीने तिथे जायचे. वाडीखालच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी बघितलं की माझं डोकंच फिरायचं. मग मी तावातावाने बोलायचे, अर्ज लिहायचे, कचेरीत जाऊन साहेबांशी भांडायचे.

मी नुकतीच काविळीतून उठले होते. त्यामुळे उकळलेल्या पाण्याची बाटली कायम पिशवीत असायची. बोलून बोलून घसा सुकला की सगळ्यांसमोर मी त्यातले दोन घोट घ्यायचे. डॉक्टरांनी चहाही बंद केला होता, म्हणून कपबशी पुढे आली की नुसतं “नको” म्हणायचे. दुखण्याचं वाडीत सांगावं, हे मला मेलीला कधी सुचलंच नाही. माझं आडनाव मात्र तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्षभराने गाव नमलं. त्या सकाळी बायका हंडे-कळश्या घेऊन विहिरीवर गेल्या आणि कुणी अडवलं नाही. मला तर रडूच फुटलं. पहिली कळशी भरणारी म्हातारी तांब्या भरून थेट माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाची समजूत काढावी तशी ती हळूच म्हणाली,

“ताई, ह्ये आमच्या वाडीचं न्हाय, गावच्या विहिरीचं पानी हाय. आता तरी प्याल ना?”