सरांची विहीर

युसूफ वडगाव या आमच्या गावात शेजारी राहणारे सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. कुणी आपलं दुःख सांगितलं की सगळं ऐकून घेऊन ते हळूच विचारायचे, "मग तुमी काय केलं?" नुसतं सोसलं म्हणजे अनुभव होत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. मला ते कोरडं, पुस्तकी वाटायचं.

गेल्या दिवाळीत त्यांची नात शेतातल्या विहिरीच्या पायरीवरून घसरली. सर काठावरच होते, पण त्यांना पोहता येत नव्हतं. माणसं धावून येईपर्यंत पोर गेली होती.

भावकीनं विहीर बुजवायचं ठरवलं. सरांनी थांबवलं. सुतक फिटल्यावर साठी उलटलेला हा माणूस कमरेला दोर बांधून त्याच पाण्यात उतरू लागला. दोर मी धरायचो. नाकातोंडात पाणी जायचं, ते पायरीवर बसून रडायचे आणि पुन्हा उतरायचे.

आता ते गावातल्या पोरींना पोहायला शिकवतात. माझ्या लेकीला घेऊन गेलो, तेव्हा काठावरच तिचा हात घट्ट धरून उभा राहिलो.

"सर, भीती वाटते हो."

"मलाबी लई वाटते. रोज वाटते," ते पाण्यातून म्हणाले. "सोडा तिला. मी हाय."

मी लेकीचा हात सोडला.